औषधाची पुडी : आमच्या करातून त्यांचं संशोधन?

मागच्या अंकात खोकल्याच्या औषधांवर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले : ‘औषध कंपन्यांच्या संशोधनाला सरकार पैसे देतं आणि द्यायलाच हवेत.’ या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी खोकल्यावर आली नाहीत. काही चांगलीच तापलेली आहेत. एका काकांनी तर पोस्टकार्ड टाकलंय. किती वर्षांनी हातात धरलं पोस्टकार्ड! तेव्हा या वेळची पुडी सगळी त्याच विषयाची. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, राहण्याचं ठिकाण तेवढं.

नव्या वाचकांसाठी : मी तेहतीस वर्षं मुंबईतल्या एका औषध कंपनीत होते. पहिली वीस प्रयोगशाळेत आणि उरलेली संशोधनाच्या कागदांत, म्हणजे सरकारकडे पैसे मागणारे अर्ज लिहिण्यात. त्यामुळे या विषयात मी तटस्थ वगैरे नाही. कंपनीचं नाव या सदरात घेत नाही, कुणी विचारू नये.

दादरहून, पोस्टकार्डावर : ताई, मी पोस्टातूनच निवृत्त झालो. मधुमेहाच्या गोळ्यांना महिन्याला दोनेक हजार जातात. सरकार औषध कंपन्यांना संशोधनासाठी ५,००० कोटी देणार म्हणे. हे मालक लोक काय गरीब आहेत? आणि आमच्या पैशातून संशोधन होणार असेल तर गोळी आम्हाला स्वस्त का मिळत नाही?

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : नाहीत.

दुसऱ्याला वेळ लागेल. तुम्ही म्हणता ती योजना म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये अधिसूचित झालेली ‘प्रिप’. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं या दोन्हींच्या संशोधनासाठी पाच वर्षांत ५,००० कोटी. त्यातले ७०० कोटी सात ‘नायपर’ संस्थांना, प्रत्येकी १००. नायपर म्हणजे औषधशास्त्राच्या केंद्र सरकारी शिक्षणसंस्था. त्या सातांत महाराष्ट्रातली एकही नाही, हे मी चिडूनच लिहिते आहे. बाकीचे बहुतेक पैसे कंपन्या आणि नवउद्योग यांच्या प्रकल्पांसाठी.

पण पेपरात वाचताना तीन वेगळे खिसे एकात एक जातात. हा झाला एक. दुसरा खिसा पीएलआयचा, औषधांसाठी १५,००० कोटींचा. तो उत्पादनाला आहे. कारखान्याने माल बनवला, जास्तीचा विकला, की त्यावर बक्षीस. त्यात कुणी काही शोधून काढण्याची गरज नाही. आणि तिसरा खिसा करसवलतीचा. तो वाचकाला दिसतच नाही. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं त्याच्यात गेली.

तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम ३५(२एबी). २०१० पासून नियम असा होता की कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत १०० रुपये खर्च केले, तर हिशेबात २०० खर्च झाले असं धरायचं. कर ३० टक्के धरा. म्हणजे शंभराच्या खर्चावर साठ रुपये कर वाचला. साधा खर्च दाखवला असता तर तीसच वाचले असते. वरचे तीस तुमचे-माझे. एप्रिल २०१७ पासून दोनशेचे दीडशे झाले आणि एप्रिल २०२० पासून शंभरचे शंभर, म्हणजे जादा काही नाही.

ही सवलत मिळायची ती दिल्लीच्या डीएसआयआर या वैज्ञानिक-औद्योगिक संशोधन खात्याने प्रयोगशाळेला मान्यता दिली तर. त्यासाठी थ्री-सीके नावाचा फॉर्म. एका वर्षी अकाउंट्सकडून माझ्याकडे संशोधन खर्चाची यादी आली. तिच्यात भिंतींची डागडुजी होती, कँटीनमधला वॉटर कूलर होता आणि एका साहेबांचा ड्रायव्हर ‘फील्ड असिस्टंट’ म्हणून होता. जमीन आणि इमारत यांचा खर्च या कलमात चालत नसे. मी लाल पेनाने काट मारली. चार दिवसांनी यादी परत आली, नव्याने टाइप केलेली. भिंतींच्या डागडुजीचं नाव आता ‘स्वच्छ-कक्ष उन्नयन’. ड्रायव्हर मात्र गायब, त्याचं मला वाईट वाटलं. यादीत खऱ्या अर्थाने राबणारा तो एकटाच होता.

मग तपासणीला दिल्लीहून एक शास्त्रज्ञ आले. मुंबईच्या डिसेंबरात हाफ स्वेटर घालून. आमच्या लोकांनी स्लाइड-शो तयार ठेवला होता. ते त्याच्याकडे वळलेच नाहीत. कोपऱ्यातल्या वजनकाट्यापाशी गेले आणि त्याची लॉगबुक उघडली. शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची. ‘यहाँ वजन कौन करता है?’ एवढंच विचारलं. कुणी काही बोललं नाही. ज्या प्रयोगशाळेत एकोणीस दिवस काही मोजलं जात नाही तिथे संशोधन चाललेलं नसतं, हे ज्याने एकदा काटा वापरलाय त्याला सांगावं लागत नाही. त्या वर्षी आमचा आकडा कापला गेला. बरोबरच कापला.

हे सांगायचं कारण असं की करसवलत विचारते, किती खर्च केलात? काय मिळालं हे ती विचारत नाही. अनुदान निदान हप्त्या-हप्त्याला विचारतं. म्हणून प्रिपसारखं अनुदान मला जुन्या करसवलतीपेक्षा बरं वाटतं, कंपन्या श्रीमंत असल्या तरीही. कारण आपल्या कंपन्या बनवण्यात उस्ताद झाल्या आणि शोधण्यात मागे राहिल्या. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला, असं ठरवलं. तो १९७२ मध्ये लागू झाला. आमच्या पिढीचं सगळं शिक्षण म्हणजे तीच वस्तू दुसऱ्या वाटेने कशी बनवायची. त्यानेच जगाला स्वस्त औषधं दिली. २००५ मध्ये औषधाला पुन्हा पेटंट आलं आणि ती वाट अरुंद झाली. नवं शोधायला दहा-बारा वर्षं लागतात आणि दहातले नऊ मॉलिक्यूल, म्हणजे औषध होऊ पाहणारे नवे रेणू, वाटेत मरतात. शेअरबाजाराला दर तीन महिन्यांनी आकडे दाखवणारा माणूस यात स्वतःहून पैसा घालत नाही.

आता तुमची गोळी. तिची किंमत संशोधन-अनुदानाने ठरत नाही, स्पर्धेने ठरते. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. त्याआधी एक गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. संपल्यावर थोड्याच दिवसांत इतक्या कंपन्यांनी ती आणली की दहा-पंधरा रुपयांत मिळू लागली, काहींची त्याहूनही खाली. तुमच्या चिठ्ठीवर हे किंवा सिटाग्लिप्टिन असेल (त्याचं पेटंट २०२२ मध्येच संपलं) तर डॉक्टरांना विचारा की हेच औषध दुसऱ्या कंपनीचं चालेल का. दोन हजारांतले निम्मे वाचण्याची शक्यता आहे. जुन्या सवयीने जुनाच महाग ब्रँड घेणारे कितीतरी जण मी केमिस्टच्या काउंटरवर पाहते.

राहिला मुद्दा, ‘आमचा पैसा आणि आम्हाला स्वस्त नाही’. या तक्रारीत तुम्ही बरोबर आहात. स्वस्त मिळतं, पण कधी? पैसे देतानाच किमतीची अट त्याच कागदावर लिहिली असेल तेव्हा. बाळांच्या जुलाबावरची रोटाव्हॅक ही लस घ्या. तिचा मूळ विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला, १९८५-८६ मध्ये. पुढे केंद्राचं जैवतंत्रज्ञान खातं, परदेशी देणगीदार आणि हैदराबादची भारत बायोटेक असा मेळ जमला. चाचणीत ६,७९९ बाळं होती, दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूची. आणि कंपनीने आधीच कबूल केलं होतं : सरकारी खरेदीला एक डॉलरला एक डोस. २०१६ मध्ये ती लस सरकारी लसीकरणात आली. आज अंगणवाडीत बाळाच्या तोंडात ते थेंब पडतात तेव्हा आईला बिल येत नाही. हे नुसत्या अनुदानाने झालं नाही, त्या अटीने झालं.

पवईहून : रक्ताच्या कर्करोगावरची ती नवी उपचारपद्धती आमच्या शेजारच्या आयआयटीत तयार झाली. सरकारी संस्था, सरकारी पैसा. मग लाखांत बिल का?

नेक्सकार-१९ बद्दल विचारताय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांचं हे काम. ४ जून २०२१ ला खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात पहिल्या रुग्णाला ती दिली गेली. माणसांवरच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीसाठी राष्ट्रीय बायोफार्मा मिशनने १९.१५ कोटी मंजूर केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता, आणि ४ एप्रिल २०२४ ला तिच्या लोकार्पणाला राष्ट्रपती पवईत आल्या होत्या. तुमच्याकडचा ट्रॅफिक तुम्हाला आठवत असेल.

अमेरिकेत याच जातीचे पहिले दोन उपचार २०१७ मध्ये आले तेव्हा नुसत्या औषधाची किंमत एकाची ३,७३,००० आणि दुसऱ्याची ४,७५,००० डॉलर होती. आपलं साधारण त्याच्या दहाव्या हिश्शात बसतं. तरीही लाखांतच. का? मी पाच-पाच लाख गोळ्यांच्या बॅच पाहिल्या आहेत. एकदा यंत्र लागलं की शेवटच्या गोळीचा खर्च जवळजवळ शून्य. इथे रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुक घालून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या, तपासायच्या आणि त्याच माणसाला परत द्यायच्या. एक माणूस म्हणजे एक बॅच. ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही, गोदामात साठवून विकता येत नाही. त्यामुळे ‘संशोधन सरकारी म्हणून फुकट’ असं इथे होणार नाही. संशोधनाचा खर्च फिटला तरी बनवण्याचा दर वेळी नव्याने येतो. मात्र ते १९.१५ कोटी ज्या क्षणी आले तो क्षण मोलाचा होता. प्राण्यांवरचं संपलंय आणि माणसांवर सुरू व्हायचंय, या मधल्या जागेत खासगी पैसा सहसा पाऊल टाकत नाही. आमच्याकडे त्या जागेला ‘खाडी’ म्हणायचे. भरतीच्या वेळी होडी नसेल तर अलीकडचे अलीकडेच.

खारघरहून, एम.फार्म.ची विद्यार्थिनी : मॅडम, माझ्या गाइडच्या लॅबमध्ये जखमेवर लावायच्या जेलची एक कल्पना चांगली चालते आहे. सरकारी अनुदानासाठी अर्ज करावा का? किती पैसे मिळतात? की नोकरी बघू?

नोकरी बघ आणि अर्जही कर. दोन्ही एकदम चालतं. अर्जाचा निकाल यायला तुझी नोकरी पक्की होण्याइतका वेळ लागेल.

तुझ्यासाठी पहिली पायरी बायरॅकची ‘बिग’. बायरॅक ही जैवतंत्रज्ञान खात्याची २०१२ मध्ये निघालेली संस्था. बिगमध्ये ५० लाखांपर्यंत मिळतात, १८ महिन्यांसाठी. कल्पना खरोखर चालते का एवढं दाखवायला ते पुरतात. औषध बाजारात आणायला ते पुरत नाहीत. तसं अर्जात लिहूही नकोस, परीक्षक हसतील. एक लाख कोटींचा जो नवा आरडीआय निधी जुलै २०२५ मध्ये मंजूर झाला, त्याच्याकडे आत्ता बघू नकोस. ते मुख्यतः लांब मुदतीचं स्वस्त कर्ज आहे आणि बऱ्यापैकी तयार झालेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. तुझी अजून पाळण्यातली गोष्ट.

आता मावशीसारखं सांगते ते ऐक. पोस्टर लावण्याआधी, कॉन्फरन्सला बोलण्याआधी प्रोव्हिजनल पेटंट दाखल कर. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे, पण जायचीही गरज नाही, ऑनलाइन होतं. त्यानंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. मी दोन हुशार मुलं पाहिली ज्यांनी आधी टाळ्या घेतल्या आणि मग पेटंटला गेली. टाळ्या राहिल्या.

दुसरं, अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेव. त्या खात्यावर जे व्याज मिळेल तेही सरकारचं असतं, ते हिशेबात वेगळं दाखवावं लागतं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आम्हाला एका प्रकल्पाचा पहिला हप्ता मिळाला, काम झालं, आम्ही यूसी पाठवली. यूसी म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाले असं सीएच्या सहीचं प्रमाणपत्र. ती परत आली. व्याजाचे ४१२ रुपये दाखवायचे राहिले होते. दुरुस्त करून पाठवली, तर तोवर आर्थिक वर्ष उलटलं होतं; नव्या वर्षाचा नवा फॉर्म. मग मधला अधिकारी बदलला. दुसरा हप्ता यायला अकरा महिने लागले. उंदीर अकरा महिने थांबत नाहीत. ते तेवढ्यात म्हातारे होतात. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.

चूक आमच्या बाजूचीच होती, हे कबूल. पण ४१२ रुपयांसाठी अकरा महिने हा कुठला हिशेब, हे मला अजून कळलेलं नाही.

घाटकोपरहून, एक डॉक्टर : रोज असे रुग्ण बघतो ज्यांच्यावर तीन-तीन अँटिबायोटिक चालत नाहीत. नवं काही का येत नाही? सरकारने पैसे दिले तर येईल का?

डॉक्टर, या पुडीतला मला सर्वांत आवडलेला प्रश्न तुमचा. कारण इथे नुसते पैसे देऊन भागत नाही.

रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो. अँटिबायोटिक पाच-सात दिवस. त्यातही नवं, चांगलं अँटिबायोटिक आलं की तुम्ही लोकच म्हणता, ‘हे जपून ठेवू, अगदी गरज पडेल तेव्हाच देऊ.’ आणि तेच योग्य आहे. पण कंपनीच्या बाजूने बघा : जो माल जितका चांगला तितका कमी खपायला हवा! अमेरिकेतल्या अकेओजेन या कंपनीने सरकारी मदत घेऊन प्लाझोमायसिन आणलं. जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. शोध यशस्वी होऊनसुद्धा.

आपल्याकडचं उदाहरण नाफिथ्रोमायसिन. न्यूमोनियावरचं, दिवसातून एकदा, तीन दिवस. मुंबईत मुख्यालय असलेल्या वॉकहार्टचं, नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झालं. चौदा वर्षांचं काम, सुमारे ५०० कोटींचा खर्च. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीसाठी बायरॅकचे ८ कोटी. ५०० मध्ये ८. यावर कुणी म्हणेल सरकारने फार थोडं दिलं, आणि कुणी म्हणेल ८ कोटींत सरकारने फुकटचा फोटो काढून घेतला. मला दोन्ही पटत नाही. बायरॅकचा पैसा म्हणजे कंपनीच्या बोर्डाला दाखवायचा दाखला असतो, ‘बघा, बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून होकार दिलाय’. बोर्डाच्या बैठकीत त्या कागदाचं वजन मी पाहिलंय.

पण बाजारात आल्यावर पुढे काय? इंग्लंडने २०२२ मध्ये एक वेगळं करून पाहिलं. दोन नव्या अँटिबायोटिकसाठी तिथली आरोग्यसेवा कंपनीला दर वर्षी ठरावीक रक्कम देऊ लागली, प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत. मग ते औषध किती वापरलं याला महत्त्व नाही. आपल्या सोसायटीत फायर ब्रिगेडचं जसं, आग लागली नाही म्हणून बंबाचा पगार कापत नाही. आपल्याकडे अशी वर्गणी कुणी भरत नाही. प्रिपच्या प्राधान्य-विषयांत अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू हा विषय आहे खरा, पण तो पैसा शोधाच्या बाजूचा. खपाच्या बाजूला तुमचं जपून वापरणं आणि त्यांचं जगणं यांची सांगड घालणारं अजून काही नाही.

आणि डॉक्टर, सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिणाऱ्या तुमच्या शेजारच्या क्लिनिकला माझा नमस्कार सांगा.

लालबागहून : हाफकिन संस्था आमच्या दारात. लहानपणी साप बघायला जायचो. सरकारने तिथेच पैसे ओतले असते तर खासगी कंपन्यांकडे जावंच लागलं नसतं, नाही का?

तुमचं दुःख माझंही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिनसाहेबांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले होते. त्यात लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये संस्था आली ती १८९९ मध्ये, म्हणजे साथीने हजारोंनी माणसं नेल्यावर. १९७५ मध्ये उत्पादनाचं वेगळं महामंडळ झालं; संशोधन एकीकडे, लस-सीरम बनवणं दुसरीकडे. २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी महामंडळाला केंद्राकडून ६५ कोटींचं अनुदान जाहीर झालं, पुन्हा साथ दारात आल्यावरच. आपल्याकडे संशोधनाचा पैसा अँब्युलन्ससारखा येतो, घंटा वाजवत.

सगळं सरकारीच असावं, असं मात्र मी म्हणणार नाही. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, सरकारी कारखान्यात हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं. आणि गोरेगावला सिबाचं, मुलुंडला हेक्स्टचं अशी परदेशी कंपन्यांची संशोधन केंद्रंही याच मुंबईत होती. मुलुंडच्या केंद्राने कोलियस या झाडाच्या मुळातून फोर्सकोलिन काढलं, जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. खासगीतही झालं, सरकारीतही झालं. दोन्हीकडे थांबलं ते माणसं गेली तेव्हा.

परळहून, एक आई : मुलाला दुर्मिळ आजार आहे. केईएममध्ये दाखवतो. डॉक्टर म्हणतात, औषध परदेशात आहे आणि न परवडणारं आहे. आमच्यासारख्या थोड्या लोकांसाठी इथे कुणी संशोधन करेल का?

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

केईएम हे दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं मान्यताप्राप्त केंद्र आहे. २०२१ च्या त्या धोरणात एका रुग्णाला उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अर्ज केंद्रामार्फतच जातो. तिथल्या समाजसेवा विभागात विचारा, आणि फाइलचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय उठू नका. काही आजारांत ५० लाख वर्षभरही पुरत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

दुसरी गोष्ट, आयसीएमआरच्या दुर्मिळ आजारांच्या नोंदणीत मुलाचं नाव गेलं आहे ना, हे विचारा. संशोधन करणारा आधी विचारतो, ‘रुग्ण किती?’ नोंद नसेल तर उत्तर ‘माहीत नाही’, आणि मग तो दुसऱ्या आजाराकडे वळतो. अमेरिकेने १९८३ मध्ये यासाठी कायदा केला : करसवलत आणि सात वर्षं एकट्याने विकण्याचा हक्क. त्याआधीच्या दहा वर्षांत अशी औषधं बोटांवर मोजण्याइतकी होती, नंतर शेकड्यांनी आली. पण किमतीवर काही अट घातली नाही. तुम्हाला जे न परवडणारं म्हणून सांगितलं जातंय, ते बहुतेक तिथूनच आलंय. आपल्या प्रिपमध्येही दुर्मिळ आजारांची औषधं हा विषय आहे. त्या अनुदानपत्रांवर किमतीचा रकाना असावा म्हणून मी लिहीत राहीन. तुमच्या मुलाला आज त्याचा उपयोग नाही, हे मला कळतं.

मुलुंडहून, जुनी वाचक : ताई, दोन वर्षांपूर्वी तुम्ही लिहिलं होतं की तुम्ही स्वतः एका नव्या औषधावर काम केलं होतं. त्याचं पुढे काय झालं?

तेव्हा ओझरतं लिहिलं होतं : हिवतापावरचा एक मॉलिक्यूल, आम्ही चौघींनी बनवलेला. वर ज्या ४१२ रुपयांची गोष्ट सांगितली तो प्रकल्प हाच. अकरा महिन्यांनी हप्ता आला तोवर चौघींतल्या दोघी नव्हत्या. एक हैदराबादला गेली, दुसरीला कंपनीनेच जेनेरिकच्या, म्हणजे पेटंट संपलेल्या औषधांच्या, कामाला लावलं, कारण तिथे तारखा होत्या आणि ग्राहक होता. मॉलिक्यूल वाईट निघाला असता तर मला इतकं वाटलं नसतं. तो कधी तपासलाच गेला नाही.

अंबर रंगाच्या बाटलीत तो डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न लागू देणाऱ्या बंद भांड्यात, पडून होता. मी निवृत्त झाले त्या वर्षी ‘विल्हेवाट लावायच्या रसायनांची’ यादी सहीला आली, त्यात सतराव्या क्रमांकावर माझ्याच अक्षरातलं लेबल. नियमाप्रमाणे टाकण्यापूर्वी वजन करायचं असतं. नोंदवहीत ४० ग्रॅम, काट्यावर ३८ भरलं. दोन ग्रॅम कुठे गेले याचा लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहिलं, ‘उंदरांना दिले, नोंद करायची राहिली.’ तो खुलासा त्याच दिवशी मंजूर झाला.